व्हेरा रुबिन यांनी नेमके काय दाखवून दिले?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी डार्क मॅटर, म्हणजेच कृष्णद्रव्य (न चमकणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य), शोधले असे सर्रास वाचायला मिळते. पण खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी ते १९३३ मध्येच सांगितले होते आणि रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनाही ते दिसले होते, असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. मग रुबिन यांचे श्रेय नेमके कोणते, आणि त्यांना नोबेल पारितोषिक का मिळाले नाही?

मी दीर्घिकांमधील (आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांमधील) हायड्रोजन वायूच्या निरीक्षणांवर काम करते. दीर्घिकेच्या केंद्रापासून वेगवेगळ्या अंतरांवर वायू किती वेगाने फिरतो हे मोजणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते. माझे मत आधीच सांगते. 'रुबिन यांनी कृष्णद्रव्य शोधले' हे वाक्य अचूक नाही, आणि ते अचूक नसल्यामुळे त्यांच्या कामाचे मोल वाढण्याऐवजी कमी होते. कृष्णद्रव्य काय आहे हे आजही कोणाला ठाऊक नाही. रुबिन यांनी दाखवून दिला तो एक नियम: सर्पिल दीर्घिकांमध्ये केंद्रापासून कितीही दूर गेले तरी, निदान प्रकाश दिसतो तिथपर्यंत, फिरण्याचा वेग कमी होत नाही. एखाद्या दीर्घिकेत असे आढळणे ही नोंद ठरते. लहान-मोठ्या, फिक्या-तेजस्वी अशा दीर्घिका एकेक करून तपासल्यावर प्रत्येक वेळी तेच आढळले, तर त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

आधी अपेक्षा काय होती ते पाहू. सूर्यमालेत जवळपास सगळे वस्तुमान सूर्यात आहे. म्हणून बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर, पृथ्वी सुमारे ३० किलोमीटर आणि नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटर वेगाने फिरतो. अंतर वाढेल तसा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सर्पिल दीर्घिकेच्या छायाचित्रात प्रकाश मध्यभागी दाटलेला असतो आणि कडेकडे झपाट्याने विरळ होत जातो. जिथे प्रकाश तिथे तारे आणि जिथे तारे तिथे वस्तुमान, असे धरले तर दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातील तारे आणि वायू यांचाही वेग नेपच्यूनप्रमाणे मंदावत जायला हवा. अंतर आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडून काढलेल्या आलेखाला आम्ही परिभ्रमण वक्र म्हणतो. तो आधी वर चढेल, मग एका टोकानंतर उतरू लागेल, अशी सर्वांची धारणा होती.

वक्र उतरला नाही तर काय होते याचा हिशेब अगदी साधा आहे. एखाद्या अंतराच्या आत असलेले वस्तुमान हे वेगाचा वर्ग गुणिले ते अंतर, भागिले गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, इतके असते. समजा एका दीर्घिकेत केंद्रापासून ५० हजार प्रकाशवर्षांवर वेग सेकंदाला २०० किलोमीटर आहे. तर त्या अंतराच्या आत सुमारे १४० अब्ज सूर्यांइतके वस्तुमान असले पाहिजे. आता एक लाख प्रकाशवर्षांवरही वेग २०० किलोमीटरच मोजला गेला, तर आतले वस्तुमान बरोबर दुप्पट झाले पाहिजे, मग त्या वाढीव पन्नास हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात तारे जवळपास नसले तरीही. सपाट वक्राचा सगळा धक्का एवढ्याच गणितात आहे. वेग स्थिर राहणे म्हणजे अंतराच्या प्रमाणात वस्तुमान वाढत जाणे, आणि प्रकाश मात्र तसा वाढत नाही.

हा वेग मोजायचा कसा? सर्पिल दीर्घिका आपल्याला सहसा तिरकी दिसते, म्हणून तिची चकती लंबगोलासारखी भासते. वर्णपटमापकाची, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत विभागणाऱ्या उपकरणाची, लांबट फट या लंबगोलाच्या लांब अक्षावर ठेवली की दीर्घिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट एकदम मिळतो. तरुण, तप्त ताऱ्यांभोवतीच्या तेजोमेघांमधील हायड्रोजन तांबड्या रंगाची एक ठळक रेषा सोडतो. तिची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. मेघ आपल्याकडे येत असेल तर ही रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. सेकंदाला २०० किलोमीटर वेगासाठी हे सरकणे असते सुमारे ०.४४ नॅनोमीटर. रुबिन यांच्या काळात ते काचेच्या फोटोप्लेटवर उमटत असे आणि मोजणी-यंत्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या अपूर्णांकांत मोजावे लागे. मिळालेल्या आकड्यातून दीर्घिकेची स्वतःची एकूण गती वजा करायची, चकतीच्या तिरकेपणाची दुरुस्ती करायची, आणि मग दोन्ही बाजूंचे वेग जुळतात का ते पाहायचे. दीर्घिका अगदी समोरून दिसत असेल तर या पद्धतीचा काही उपयोग नाही, कारण मग फिरण्याची गती दृष्टिरेषेवर येतच नाही; आणि अगदी कडेने दिसत असेल तर मधली धूळ आड येते. म्हणून कोणत्या दीर्घिका निवडायच्या हेही कौशल्याचेच काम.

आता झ्विकी. त्यांनी अरुंधती-केश तारकासमूहातील कोमा नावाच्या दीर्घिकासमूहात एकेक दीर्घिका किती वेगाने धावते ते पाहिले. ते वेग इतके जास्त होते की केवळ दिसणाऱ्या वस्तुमानाच्या ओढीने समूह एकत्र राहिलाच नसता. न दिसणारे वस्तुमान शेकडोपट असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो धाडसी होता आणि मूलतः खरा ठरला. पण हबल स्थिरांकाचे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या दराचे, तेव्हाचे मूल्य आजच्या सुमारे आठपट होते, त्यामुळे तो आकडा फुगलेला होता. शिवाय समूहातील दीर्घिकांच्या मधल्या जागेत प्रचंड तप्त वायू असतो हे क्ष-किरण दुर्बिणी येईपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्या वायूचे वस्तुमान ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरते. झ्विकी यांचे म्हणणे बाजूला पडले ते निव्वळ त्यांच्या फटकळ स्वभावामुळे, असे जे सांगितले जाते ते मला अपुरे वाटते. दीर्घिकासमूह खरोखर स्थिर आहेत की विखुरत चालले आहेत, याबद्दलच तेव्हा मतभेद होते. १९३९ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी आपल्या शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा परिभ्रमण वक्र मोजला आणि बाहेरच्या भागात वेग वाढतच जातो असे नोंदवले. तोही निष्कर्ष कोणी पुढे नेला नाही, आणि त्यांचे सर्वांत बाहेरचे वेग प्रत्यक्षाहून जास्त होते हे नंतर स्पष्ट झाले.

रुबिन यांचा जन्म २३ जुलै १९२८ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्या दहा वर्षांच्या असताना कुटुंब वॉशिंग्टनला आले, आणि खोलीच्या खिडकीतून रात्री तारे सरकताना पाहण्याचा नाद तिथे लागला. वडील विद्युत अभियंते होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण करायला मदत केली. व्हॅसर महाविद्यालयातून १९४८ मध्ये त्या पदवीधर झाल्या. प्रिन्स्टनचा खगोलशास्त्राचा पदव्युत्तर विभाग स्त्रियांना प्रवेश देत नव्हता, आणि १९७५ पर्यंत देणारही नव्हता. १९४८ मध्येच रॉबर्ट रुबिन यांच्याशी विवाह झाला, ते कॉर्नेलला शिकत होते, म्हणून त्याही कॉर्नेलला गेल्या. तिथे रिचर्ड फाइनमन, हान्स बेटे आणि फिलिप मॉरिसन यांच्याकडे शिकायला मिळाले.

कॉर्नेलचा प्रबंध मुद्दाम सांगते, कारण रुबिन यांच्या कामाची रीत त्यात दिसते. त्यांनी १०९ दीर्घिकांचे प्रसिद्ध झालेले वेग गोळा केले, त्यांतून विश्वाच्या प्रसरणाचा वाटा वजा केला आणि उरलेल्या गतीत काही ठरावीक आकृतिबंध आहे का, असा प्रश्न विचारला. डिसेंबर १९५० मध्ये हॅव्हरफर्ड येथील अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या बैठकीत त्यांनी ते मांडले. तेव्हा पहिला मुलगा काही आठवड्यांचा होता. बैठकीत टीका बरीच झाली. आकडे थोडे आणि कच्चे होते, त्यामुळे टीका सगळीच अन्यायाची नव्हती. पुढे जॉर्ज गॅमॉव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली जॉर्जटाउन विद्यापीठातून १९५४ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली. दीर्घिका अवकाशात सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत की पुंजक्यांनी, हा विषय. उत्तर निघाले पुंजक्यांनी, आणि त्याची दखल जवळजवळ पंधरा वर्षे कोणी घेतली नाही. वर्ग रात्री भरत. पती त्यांना गाडीने सोडत आणि वर्ग संपेपर्यंत गाडीतच थांबत, मुले तोवर आजी-आजोबांकडे असत.

याच जॉर्जटाउनमध्ये शिकवत असताना, १९६२ मध्ये, त्यांनी आपल्या सहा विद्यार्थ्यांबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रुबिन यांच्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच असतो. आपल्याच आकाशगंगेतील ८८८ तप्त ताऱ्यांच्या नोंदींवरून त्यांनी तिचा परिभ्रमण वक्र काढला आणि सूर्याच्या कक्षेबाहेर तो उतरत नाही, सपाट राहतो, असे लिहिले. म्हणजे देवयानीवरच्या प्रसिद्ध कामाच्या आठ वर्षे आधी हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. आपल्या आकाशगंगेच्या आत बसून तिचे बाहेरचे वेग मोजणे फार अडचणीचे असते, म्हणून त्या निकालावर कोणी विसंबले नाही. पण पुढची वीस वर्षे त्या कोणत्या दिशेने गेल्या ते समजायला हा निबंध माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे.

१९६५ मध्ये त्या वॉशिंग्टनमधील कार्नेगी संस्थेच्या भूचुंबकत्व विभागात रुजू झाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत अधिकृत परवानगीने निरीक्षण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. सोयी अपुऱ्या असल्याने स्त्रियांचे अर्ज स्वीकारता येत नाहीत, असे तिथल्या छापील अर्जावरच होते; रुबिन यांना पाठवलेल्या प्रतीवर 'सहसा' एवढा एक शब्द पेन्सिलने वाढवलेला होता. सोय म्हणजे स्वच्छतागृह. दारावर पुरुषाची आकृती असलेले एकच होते, तेव्हा त्यांनी कागदाचा छोटा स्कर्ट कापून त्या आकृतीवर चिकटवला. हा प्रसंग गमतीदार म्हणून सांगितला जातो. मला त्यात निराळे दिसते: जगातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीवर अर्ध्या मानवजातीला बसू न देण्याचे कारण एका दारापुरते होते.

कार्नेगीत त्यांना केंट फोर्ड भेटले, आणि इथून पुढच्या प्रत्येक निकालात फोर्ड यांचा वाटा बरोबरीचा आहे. साध्या फोटोप्लेटवर पडणाऱ्या प्रकाशाचा फारच थोडा भाग नोंदला जातो. फोर्ड यांच्या इमेज ट्यूबमध्ये येणारा प्रकाश आधी एका संवेदनशील पृष्ठावर पडून इलेक्ट्रॉन मोकळे करी. ते विद्युतदाबाने वेगवान होऊन चमकणाऱ्या पडद्यावर आदळत आणि त्या उजळलेल्या प्रतिमेचे छायाचित्र घेतले जाई. त्यामुळे लागणारा वेळ सुमारे दहापटीने कमी झाला. ज्या फिकट मेघाचा वर्णपट मिळवायला पूर्वी अख्खी रात्र किंवा त्याहून जास्त लागली असती, तो आता एकाच रात्रीत इतर कितीतरी मेघांबरोबर मिळू लागला.

आधी दोघांनी क्वासारवर, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या अत्यंत तेजस्वी केंद्रांवर, काम केले. पण तो विषय तेव्हा इतक्या घाईगर्दीचा होता की अमक्या क्वासारचा आकडा मिळाला का, अशी विचारणा सतत होई. मोजमाप नीट तपासल्याखेरीज आकडा सांगणे रुबिन यांना मान्य नव्हते. त्यांनी विषयच बदलला आणि ज्यात कोणी घाई करणार नाही असा निवडला: देवयानी दीर्घिका. वॉल्टर बाडे यांनी तिच्यातल्या शेकडो तेजोमेघांच्या जागा नोंदवून ठेवल्या होत्या. हे मेघ दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नसत; जवळच्या ताऱ्यांपासूनची अंतरे मोजून फट अंदाजाने त्यांच्यावर आणावी लागे. अॅरिझोनातील किट पीक आणि लॉवेल येथील दुर्बिणींवर हे काम झाले. देवयानी एकूणच सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. तिच्या फिरण्यामुळे एका बाजूचे मेघ ५०० किलोमीटरहून अधिक वेगाने येताना दिसतात, तर दुसऱ्या बाजूचे १०० पेक्षाही कमी. १९७० मध्ये ६७ मेघांचे वेग प्रसिद्ध झाले, केंद्रापासून सुमारे १० हजार ते ७८ हजार प्रकाशवर्षांपर्यंतचे. वेग सेकंदाला २७० किलोमीटरपर्यंत चढत होता, मग थोडा उतरून जवळजवळ स्थिर राहत होता.

या निबंधात कृष्णद्रव्याचा दावा नाही. उलट, शेवटच्या मोजलेल्या बिंदूपलीकडे वक्र कसा जाईल हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. जेवढे मोजले तेवढेच बोलायचे, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

त्यानंतर लगेच त्या हाच धागा धरून पुढे गेल्या असे नाही. मधल्या काळात फोर्ड यांच्याबरोबर त्यांनी दूरच्या दीर्घिकांच्या वेगांवरून आपल्या आकाशगंगेची एकूण गती मोजण्याचा प्रयत्न केला; १९७६ मधला तो निष्कर्ष वादग्रस्त ठरला आणि वैश्विक सूक्ष्मलहरींवरून (विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या प्रारणावरून) मिळालेल्या दिशेशी जुळला नाही. त्या वादाचा त्यांना उबग आला. दरम्यान इतरत्र बरेच घडत होते. १९७० मध्येच केन फ्रीमन यांनी दोन दीर्घिकांच्या रेडिओ नोंदींवरून, त्यांत न दिसणारे वस्तुमान दिसणाऱ्याइतके तरी असावे, असे आपल्या निबंधाच्या परिशिष्टात लिहिले. जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी १९७३ मध्ये दाखवले की केवळ ताऱ्यांची पातळ चकती स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाखाली टिकत नाही, तिचा आकार बिघडतो. भोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचे जड, गोलाकार प्रभामंडळ असेल तर ती टिकते. पुढच्याच वर्षी त्यांनी आमोस याहिल यांच्यासह, आणि स्वतंत्रपणे एस्टोनियातील यान आइनास्टो यांच्या गटाने, दीर्घिकांचे वस्तुमान अंतराबरोबर वाढत जाते असा युक्तिवाद मांडला. मॉर्टन रॉबर्ट्स आणि रॉबर्ट व्हाइटहर्स्ट यांनी १९७५ मध्ये हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींवर देवयानीचा वक्र रुबिन-फोर्ड यांच्या पलीकडे, सुमारे एक लाख प्रकाशवर्षांपर्यंत नेला. तो तिथेही सपाटच होता. १९७८ मध्ये अल्बर्ट बॉस्मा यांच्या नेदरलँड्समधील प्रबंधात वेस्टरबोर्क दुर्बिणीने मोजलेल्या अनेक दीर्घिकांचे सपाट वक्र होते.

मग रुबिन यांच्यासाठी उरले काय? माझ्या मते इथेच त्यांची खरी थोरवी आहे. रेडिओ निकालांवर शंका घ्यायला तेव्हा जागा होती: दुर्बिणीची दृष्टी जाड होती, आतल्या भागाचा तीव्र संकेत बाहेरच्या भागात मिसळतो की काय, वायूची चकती कडेला वाकलेली असेल तर वेग चुकीचा निघतो की काय. यांतल्या बऱ्याच शंका पुढे निराधार ठरल्या, पण त्या वेळी प्रामाणिक माणसांनी घेतलेल्या होत्या. प्रकाशाच्या वर्णपटात ती अडचण नव्हती. रुबिन, फोर्ड आणि नॉर्बर्ट थॉनार्ड यांनी किट पीक आणि चिलीतील सेरो टोलोलो येथील चार मीटर व्यासाच्या दुर्बिणींवर एकेक दीर्घिका घेतली, प्रत्येकीला काही तासांचा वेळ दिला, आणि १९७८ मध्ये दहा तेजस्वी दीर्घिकांचे वक्र छापले. १९८० मध्ये मोकळ्या बाहूंच्या २१ दीर्घिका आल्या. त्यांत लहानखुरी एनजीसी ४६०५ होती आणि अजस्र यूजीसी २८८५ सुद्धा (ही दीर्घिकांच्या याद्यांमधील क्रमांकांची नावे). पुढे १९८२ आणि १९८५ मध्ये घट्ट बाहूंच्या, मोठ्या मध्यभागाच्या दीर्घिकाही जमेस धरून संख्या साठच्या आसपास गेली. एकाही वक्रात नेपच्यूनसारखी उतरण नव्हती. अनेकांत तर वेग शेवटच्या बिंदूपर्यंत चढतच होता. १९८० च्या निबंधात मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. प्रकाशित दीर्घिकेच्या पलीकडे न चमकणारे द्रव्य आहे हा निष्कर्ष टाळता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. देवयानीच्या वेळी 'आवडीवर' सोडणारी आणि दहा वर्षांनी 'टाळता येत नाही' म्हणणारी व्यक्ती एकच आहे. मध्ये जमा झालेली मोजमापे हाच काय तो फरक.

या वक्रांचा परिणाम का झाला, हे मूळ आकृत्या पाहिल्याशिवाय कळत नाही. पानावर एका बाजूला दीर्घिकेचा वर्णपट छापलेला आहे: दोन पट्टे मधोमध उसळतात, एक वर आणि एक खाली, आणि मग कडेपर्यंत सरळ आडवे जातात. कोणतेही गणित न करता डोळ्यांना दिसते की वेग घटत नाही. शंका घेणाऱ्याला मोजणी-यंत्रही लागत नाही. आमच्या क्षेत्रात निकाल सिद्ध होणे आणि निकाल पटणे यांत पुष्कळदा बरीच वर्षे जातात. रुबिन यांच्या आकृत्यांनी ते अंतर कमी केले.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात तो गाळला जातो. निव्वळ प्रकाशाच्या वर्णपटांवरून कृष्णद्रव्याची सक्ती होते असे नाही. प्रकाश जिथे संपतो तिथवरचे बरेच वक्र, चकतीतील ताऱ्यांना पुरेसे वस्तुमान दिले तर, ताऱ्यांनीच समजावता येतात. १९८० च्या दशकात हे काही जणांनी करून दाखवले. निर्णायक पुरावा मिळतो तो ताऱ्यांच्या कडेच्या पलीकडे पसरलेल्या हायड्रोजनमधून. १९८५ मध्ये एनजीसी ३१९८ या दीर्घिकेचा रेडिओ वक्र ताऱ्यांच्या चकतीच्या कितीतरी पलीकडे नेण्यात आला. तिथे ताऱ्यांना कितीही वस्तुमान दिले तरी हिशेब जुळत नाही. म्हणून रुबिन यांचे वर्णपट आणि बॉस्मा, रॉबर्ट्स व इतरांची रेडिओ निरीक्षणे एकत्र धरली तरच पुरावा पूर्ण होतो. हे म्हणणे रुबिन यांना उणे ठरवणारे नाही. त्यांच्या निबंधांत रेडिओ निकालांचे उल्लेख आदराने येतात.

हेच काम आपल्याकडेही चालते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिने अतिशय फिकट, बुटक्या दीर्घिकांमधील हायड्रोजनची पद्धतशीर निरीक्षणे झालेली आहेत. अशा दीर्घिकांमध्ये तारे इतके थोडे असतात की जवळपास केंद्रापासूनच कृष्णद्रव्याचा वरचष्मा असतो. ताऱ्यांना किती वस्तुमान द्यायचे हा वर सांगितलेला वाद तिथे फारसा उरत नाही, म्हणून कृष्णद्रव्य आतल्या भागात कसे साठलेले आहे हे तपासायला त्या सोयीच्या ठरतात. संगणकातील सिद्धान्ताच्या प्रतिकृतींमध्ये कृष्णद्रव्य मध्यभागी टोकदार दाटते. प्रत्यक्ष मोजलेल्या अनेक बुटक्या दीर्घिकांत ते बरेच सपाट पसरलेले आढळते. ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू ढवळला जाऊन असे होते की कृष्णद्रव्याच्या कणांचा स्वभावच निराळा आहे, यावर आजही काम चालू आहे.

सपाट वक्रांचा दुसरा अर्थही लावता येतो, आणि रुबिन यांना तो निषिद्ध वाटत नव्हता. १९८३ मध्ये मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी सुचवले की अत्यंत कमी त्वरणांना, सेकंदाच्या वर्गाला सुमारे एक मीटरचा दहा-अब्जांश भाग इतक्या, न्यूटनचे नियमच बदलत असतील. दीर्घिकांच्या बाबतीत ही कल्पना आश्चर्य वाटावे इतकी चांगली चालते. दीर्घिकासमूहांत मात्र ती कमी पडते, आणि विश्वाच्या आरंभीच्या सूक्ष्मलहरींचा नकाशा कृष्णद्रव्य धरल्याशिवाय नीट जुळत नाही. म्हणून माझ्यासह बहुतेक जण कृष्णद्रव्याच्या बाजूने आहेत. रुबिन यांना विचारले असता, नवा न सापडलेला कण निघण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचे नियम दुरुस्त करावे लागले तर आपल्याला जास्त आवडेल, अशा अर्थाचे त्यांनी म्हटले होते. ज्या बाईंच्या नावाने कृष्णद्रव्य ओळखले जाते त्यांचे हे मत वाचून पुष्कळांना नवल वाटते. त्यांच्या निष्ठा वक्रांशी होत्या, वक्रांच्या स्पष्टीकरणाशी नव्हत्या, हे ध्यानात घेतले तर नवल वाटू नये. १९९२ मध्ये एनजीसी ४५५० या दीर्घिकेत निम्मे तारे एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने, त्याच चकतीत, फिरत असल्याचे त्यांना आढळले. कोणत्याही सिद्धान्ताने अशी दीर्घिका शोधायला सांगितली नव्हती. वर्णपट काळजीपूर्वक पाहणाऱ्यालाच ती सापडू शकत होती.

नोबेलविषयी माझे मत ठाम आहे: ते मिळायला हवे होते. 'कृष्णद्रव्याचा कण अजून सापडलेला नाही' हे कारण मला पटत नाही. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याच्या शोधाला २०११ मध्ये पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यामागची ऊर्जा काय आहे हे तरी कोणाला ठाऊक होते? श्रेय अनेकांमध्ये वाटलेले आहे हे खरे, पण एका पारितोषिकाची तीन जणांची मर्यादा पाळूनही रुबिन आणि फोर्ड यांचा समावेश सहज करता आला असता. राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना १९९३ मध्ये मिळाले. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक १९९६ मध्ये मिळाले. त्याआधी ते मिळालेली एकमेव स्त्री म्हणजे कॅरोलिन हर्शेल, १८२८ मध्ये. २५ डिसेंबर २०१६ रोजी रुबिन यांचे निधन झाले, आणि मरणोत्तर नोबेल दिले जात नाही. पीबल्स यांना २०१९ मध्ये सैद्धान्तिक विश्वशास्त्रासाठी ते मिळाले, तेव्हा रुबिन यांची आठवण अनेकांनी काढली.

चिलीतील सेरो पाचोन डोंगरावरच्या नव्या वेधशाळेला त्यांचे नाव दिले आहे. तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरून ती दक्षिणेचे आकाश दहा वर्षे पुन्हा पुन्हा टिपणार आहे. परिभ्रमण वक्र मोजणे हे तिचे काम नाही, तिच्यावर वर्णपटमापकच नाही. अब्जावधी दूरच्या दीर्घिकांचे आकार मधल्या वस्तुमानामुळे किंचित वाकलेले दिसतात. त्या वाकण्यावरून कृष्णद्रव्य कुठे किती आहे याचा नकाशा काढता येईल. आपल्या आकाशगंगेभोवतीच्या ताऱ्यांच्या बारीक प्रवाहांत पडलेल्या खंडांवरून, ज्यांत एकही तारा नाही असे कृष्णद्रव्याचे छोटे गोळे आहेत की नाहीत, हेही तपासता येईल. असे गोळे आढळले नाहीत तर आज सर्वमान्य असलेल्या कृष्णद्रव्याच्या चित्रात मोठी दुरुस्ती करावी लागेल.